पहिली जोडी रजेवर

माणसाला नाद असावा, पण नादानं माणसाचं नाव खाऊ नये. यादीवाल्यांचं तेच झालं होतं. पोटासाठी ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. सव्वीस वर्षं त्यांनी मागच्या खोलीत, फिरत्या चाकाशेजारी, पाण्याच्या बारीक धारेखाली काच धरून काढली होती. त्या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता, पण त्यासाठी त्यांना कुणी ओळखत नसे. ओळख होती ती यादीमुळे.

दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की त्यातली उजवी कोणती आणि कितीनं, हे ठरवल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. घरातल्या चार खुर्च्यांना त्यांनी नंबर दिले होते, आणि पाहुणा येऊन थेट चार नंबरच्या खुर्चीवर बसला की यांचा जीव खालीवर व्हायचा. बायको म्हणायची, माझा कितवा नंबर ते एकदा सांगून मोकळे व्हा. एकाच नावाची यादी होत नाही, असं म्हणून ते सुटका करून घ्यायचे. तेवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

पण खरी यादी क्लबातली. दर रविवारी दुपारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत ‘खोरं’ नावाचा पटावरचा खेळ चालायचा. खालच्या इस्त्रीच्या वाफेनं त्या खोलीची फरशी थंडीतही कोमट असायची आणि भिंतींना साबणाचा वास लागलेला असायचा. खेळ लुटुपुटूचा नव्हे. दोघं बसोत की चौघं, अडीच-तीन तास जागचे हलत नसत. पटावर नदी, डोंगर, जंगल आणि खाणी, आणि जो तो त्या खोऱ्यात आपलं बस्तान बसवायला बघणार. खेळायला एक टोळी घ्यायची आणि एक पाटी. टोळ्या सहा: नावाडी, मेंढपाळ, खाणवाले, शिकारी, पहारेकरी, व्यापारी. पाट्या पाच: भट्टी, पूल, कोठार, नांगर, शीड. टोळीवरून ठरतं तुम्ही कुठून निघणार, पाटीवरून ठरतं कोणतं काम तुम्हाला स्वस्त पडणार. सहा पंचे तीस जोड्या. खाणवाल्यांना पूल मिळाला तर दुधात साखर. नावाड्यांना भट्टी मिळाली तर मात्र आंधळ्याच्या हाती आरसा, कारण भट्टीचा कोळसा डोंगरात आणि नावाडी बसलेले नदीकाठी.

या तीस जोड्यांत वरची कोण आणि खालची कोण, हे यादीवाले ठरवायचे. म्हणजे त्यांच्या मते ते ठरवत नव्हते, वही ठरवत होती. प्रत्येक डावाची नोंद वहीत: तारीख, कोण बसलं, कुणी कोणती जोडी घेतली, कोण जिंकलं. वर्षअखेर किती डावांत किती जिंकले याचा हिशेब करून तीस जोड्यांची यादी भिंतीवर लागायची. आजूबाजूचे पाच क्लब ती यादी उतरवून न्यायचे. वहीच्या पहिल्या पानावर यादीवाल्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘यादी माणूस बघत नाही, डाव बघते.’ या वाक्याचा त्यांना फार अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

आणि एक नियम होता, तोही त्यांच्याच डोक्यातून निघालेला. एके वर्षी व्यापारी-कोठार ही जोडी इतकी माजली की जो तो तीच मागू लागला, ज्याला मिळाली तो जिंकू लागला, आणि बाकीच्यांनी रविवारी दुपारी घरी झोपा काढायला सुरुवात केली. क्लब बुडायची वेळ आली. तेव्हा यादीवाल्यांनी तोडगा काढला की, यादीत जी जोडी पहिली येईल ती पुढचं वर्षभर रजेवर. कुणीही खेळायची नाही. क्लब वाचला. सहा वर्षांपूर्वी याच नियमानं औषधाच्या दुकानवाल्यांची मेंढपाळ-नांगर रजेवर गेली. ते अजिजीनं म्हणत होते की, वर्षभर मी या जोडीवर घासलोय, निदान वार्षिक सामन्यापुरती राहू द्या. यादीवाल्यांनी वहीचं पहिलं पान उघडून त्या वाक्यावर बोट ठेवलं. औषधवाले तीन महिने फिरकले नाहीत. यादीवाल्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे यादीवाल्यांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा यादीवाले नऊ वर्षांचे आणि दादा एकवीस. दादांनी किल्ल्या बनवायचं दुकान काढलं, दुकान कसलं, जिन्याखालची पाच फूट जागा, आणि तिथं कानस चालवून धाकट्याला वाढवलं. त्या धबडग्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. धाकट्याला खोरं शिकवलं तेही दादांनीच. क्लबात जोडी निवडायला जे तीस पितळी बिल्ले होते, ते दादांनी दुकानातल्या पितळेतून कापले होते आणि प्रत्येकावर जोडीचं नाव कोरलं होतं. टेबलाच्या मधोमध डबा ठेवायचा, चिठ्ठीनं पाळी ठरेल तसा ज्यानं त्यानं बिल्ला उचलायचा.

दादा नेहमी एकच उचलायचे, नावाडी-भट्टी. यादीत तिचा नंबर सत्ताविसावा, त्यामुळे त्यांच्याआधी तिला कुणी हात लावत नसे. ‘वाईट जोडी नसते रे छोट्या, घाई वाईट,’ असं ते धाकट्याला सांगायचे. कोळसा लांबून आणायचा, पहिल्या सहा पाळ्या सगळ्यांच्या मागं राहायचं, आणि शेवटी एकदम तीन भट्ट्या पेटवायच्या. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही. दादांना त्याची फिकीर नसायची.

दीड वर्षापूर्वी दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं परत आलं, पण नवीन काही डोक्यात टिकेना. जुनं सगळं जागच्या जागी, आणि नवं सांगितलेलं दुसऱ्या सकाळी पुसलेलं. दुकान बंद झालं हे त्यांना दर चार दिवसांनी नव्यानं सांगावं लागायचं, मग यादीवाल्यांनी सांगणं सोडून दिलं. डॉक्टर म्हणाल्या, जे त्यांना येतं ते करू द्या, तेवढंच त्यांना धरून ठेवील. येत होतं ते एकच. पाच महिन्यांनी त्यांना हाताला धरून लाँड्रीचा जिना चढवला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं डब्यातून नावाडी-भट्टीचा बिल्ला बरोबर काढला आणि पहिली खेळी केली. सगळ्या चाली हातात होत्या. फक्त समोरच्यानं काय केलं ते ध्यानात राहत नव्हतं, त्यामुळे समोरच्यानं त्यांना डोळे मिटून हरवलं असतं.

त्या दिवशी त्यांच्यासमोर टपाल कचेरीतल्या बाई होत्या. शेवटच्या पाळीला त्यांनी एक पूल बांधला असता तर दादांचा कोळसा अडला असता. बाईंनी पुलावरचा हात काढून घेतला आणि उगाच एक मेंढी हलवली. दादा जिंकले. खोलीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही. दादांनी वही मागून घेतली, आपल्या विजयाच्या नोंदीवर बोट फिरवलं आणि घरी जाईपर्यंत ते गाणं गुणगुणत होते.

मग काय, पुढच्या रविवारी औषधवाले हरले. त्याच्या पुढच्या रविवारी क्लबचे अध्यक्ष, निवृत्त गणित मास्तर, ज्यांना आयुष्यात कुणी बेरजेत हरवलं नव्हतं, तेही हरले. ठरवून काहीच झालं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, एका डावानं काय जातंय. यादीवाले स्वतः दोनदा हरले, आणि दोन्ही वेळा त्यांनी आपल्याच हातानं वहीत लिहिलं, ‘विजयी: नावाडी-भट्टी.’ लिहिताना आपण काय करतोय हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. एवढा हिशेबी माणूस, आणि इतका साधा हिशेब चुकला.

वर्षअखेर त्यांनी आकडे मांडले. खाणवाले-पूल, सव्वीस डावांत बावीस. नावाडी-भट्टी, छत्तीस डावांत एकतीस. शेकड्यावर काढलं तर पहिले चौऱ्याऐंशी आणि वर थोडे, दुसरे शहाऐंशी. त्यांनी चार वेळा मांडून पाहिलं. मग पेन्सिल ठेवली. बायकोनं विचारलं, काय झालं. त्यांनी कागद पुढं केला. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नियम तिला माहीत होता.

“म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमानं त्यांची जोडी काढून घेतलीत,” ती म्हणाली.

तिनं हे चिडून म्हटलं नव्हतं, म्हणूनच त्यांना ते जास्त लागलं.

दुसरी जोडी शिकवून बघावी म्हणून यादीवाल्यांनी घरी पट मांडला. मेंढपाळ-पूल, सगळ्यात सोपी. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर. दादा मन लावून ऐकायचे, पहिल्या दोन पाळ्या नीट खेळायचे, आणि तिसऱ्या पाळीला मेंढपाळांना घेऊन नदीकाठी जायचे, कारण त्यांचा हात तिकडंच जायचा. मग पटाकडं बघत बसायचे. अकराव्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘छोट्या, माझं काहीतरी बिघडलंय का रे,’ असं त्यांनी विचारलं. यादीवाल्यांनी पट आवरला आणि परत काढला नाही. घरच्या घरी जुनीच जोडी खेळू, असंही ते म्हणून पाहिले, पण वहीत चढत नाही तो डाव कसला, हे दादांचं झटक्याच्या आधीपासूनचं मत होतं आणि जुनी मतं सगळी शाबूत होती.

ते मास्तरांकडं गेले. औषधवालेही तिथंच होते. यादीवाल्यांना वाटलं, आता हा माणूस सहा वर्षांचं उट्टं काढणार. पण औषधवाले म्हणाले की, माझी काही हरकत नाही, या वर्षी नियमच बाजूला ठेवा. यादीवाल्यांना मान वर करून बघवेना. मास्तरांनी मात्र दोन्ही बाजू मांडून दाखवल्या. नियम बाजूला ठेवला तर पहिल्या नंबरची जोडी डब्यात राहील, आणि सामन्याला बाहेरून येणारे चौदा पाहुणे पहिल्यांदा तीच उचलतील. दादांची पाळी चिठ्ठीनं कधी येणार, देव जाणे. तेव्हा रजा नको असेल तर जोडी पहिली येताच कामा नये. त्यासाठी एकच रस्ता होता. एक विजय, फक्त एक विजय कमी धरला की तीस राहतात, छत्तीसात तीस म्हणजे त्र्याऐंशी, आणि ती दुसरी. वर्षानुवर्षं सत्ताविसावी असलेली जोडी नुसती दुसरी आली, तर पाहुणे तिच्या वाट्याला जाणार नाहीत. पण विजय कमी करायचा तर वहीत त्या नोंदीपुढं कारण लिहावं लागेल की, हा डाव मुद्दाम सोडला होता.

“आणि ते पान तुमचे दादा दर रविवारी वाचतात,” मास्तर म्हणाले.

दादा विसरले असते, पण वही विसरणार नव्हती. त्यांना दर रविवारी ते नव्यानं कळलं असतं.

यादीवाल्यांनी मग आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. वहीला हात न लावता नुसत्या यादीत त्यांनी एकतीसच्या जागी तीस लिहिले. स्वतः सोडलेल्या दोन डावांतला एक त्यांनी मनातल्या मनात खोडला, म्हणजे खोटं तरी कसं म्हणायचं. मास्तरांना त्यांनी हे सांगितलं, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले की, या वर्षी आपल्याला पडताळणी करायला वेळ होणार नाही. यादी पक्की लिहून घरच्या टेबलावर ठेवली, आणि यादीवाले कामावर गेले. त्या दिवशी त्यांनी कितीतरी दिवसांनी नीट जेवण केलं.

संध्याकाळी घरी आले तर दादा टेबलाशी बसलेले, समोर यादी, शेजारी वही उघडी, आणि एका कोऱ्या कागदावर डाव्या हातानं ओढलेल्या वाकड्यातिकड्या रेघा, पाच-पाचचे जुडगे करून. बायको दारात उभी होती. दुपारपासून मोजतायत, असं ती हलकेच म्हणाली. दादांचा चेहरा फुलला होता.

“छोट्या, एक डाव कमी धरलास तू. एकतीस आहेत. तीनदा मोजले.” त्यांनी वही धाकट्याकडं सरकवली. “हा बघ, तुझ्याचविरुद्धचा. हाच गाळलास.”

यादीवाल्यांना तेव्हा सांगता आलं असतं. तो डाव मी सोडला होता, दादा, एवढंच. घरात तिघंच होते, वहीत काही लिहायचं नव्हतं, आणि सकाळपर्यंत दादा विसरूनही गेले असते. यादी तशीच राहिली असती. पण एका संध्याकाळपुरतंही दादांना ते कळू द्यायचं तर त्या फुललेल्या चेहऱ्याकडं बघत सांगायला हवं होतं, आणि त्यांची जीभ उचलली नाही. या एका गोष्टीसाठी त्यांनी पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि मला विचाराल तर दुसऱ्या कुणालाही ते जमलं नसतं.

“चुकलं,” ते म्हणाले.

“चुकतं रे. हरलेला डाव माणूस गाळायला बघतोच.” दादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “पण यादी माणूस बघत नाही ना? तूच लिहिलंयस.”

त्यांनी स्वतः तीस खोडून एकतीस केले आणि जोडीपुढचा नंबर दोनाचा एक केला. मग यादीवाल्यांनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं की, पहिला नंबर म्हणजे रजा, म्हणजे वर्षभर ही जोडी खेळायची नाही. दादा म्हणाले, हो हो, नियम तो नियम, आणि गंभीर झाले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले ते हसतच. टेबलावर यादी होती, आणि तिच्यात त्यांची जोडी पहिली होती. यादीवाल्यांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांना तितकंच लागलं, आणि दोन्ही वेळा सकाळी काही उरलं नाही; नियम आठवायचा, पण तो आपल्याच जोडीला लागलाय हे नाही. तिसऱ्यांदा सांगायला त्यांची छाती झाली नाही. रविवारी यादीतली आपलीच खाडाखोड बघून दादांनी क्लबात मास्तरांनाच सांगितलं की, यानं एक डाव गाळला होता आणि तो मी पकडला. त्यांच्या अक्षरातला एकतीस सगळ्यांनी पाहिला. आता तो खोडायचा कुणी? यादी भिंतीवर लागली.

वार्षिक सामन्याच्या सकाळी दादांनी इस्त्रीचा सदरा मागून घेतला. बायको म्हणाली, आज त्यांना नका नेऊ, काहीतरी कारण सांगा. पण दादा बूट घालून दाराशी बसलेच होते, डाव्या पायाचा उजव्यात घातलेला. तिनं खाली बसून बूट बदलले आणि आत गेली.

क्लबात टेबलं वाढवली होती. पाहुणे यायला लागले होते. पहिली जोडी डब्यातून काढून घ्यायचं काम नियमानं यादीवाल्यांचं. ते त्यांनी कुणी यायच्या आधी उरकलं आणि बिल्ला कोटाच्या खिशात टाकला. ते मास्तरांना म्हणाले, दादांना यंदा नुसतं बघायला बसवू. मास्तर हो म्हणाले. पण दादा सरळ डब्यापाशी गेले. त्यांनी डावा हात आत घातला, चाचपला, मग सगळे बिल्ले टेबलावर ओतले आणि एकेक करून मोजले.

“एकोणतीस,” ते म्हणाले. “एक हरवलाय.”

 भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या वर, यादी लटकत होती. बाईंनी पुढं होऊन त्यांना आपल्या शेजारी बसा म्हणून पाहिलं. दादा बसायला तयार नव्हते, ते खुर्च्या सरकवायला लागले होते. तोल जाईल म्हणून औषधवाले धावले आणि म्हणाले, तुम्ही थांबा, आम्ही शोधतो. आणि ते खरंच वाकून शोधायला लागले. मग बाई, मग मास्तर, साठी उलटलेला माणूस, गुडघ्यावर. काय हरवलंय हे विचारत दोन पाहुणेही वाकले. सगळ्यांत शेवटी यादीवाले खाली बसले, कोमट फरशीवर हात टेकले आणि टेबलाखाली शिरले. शोधण्यासारखं तिथं काही नव्हतं. ते शोधत राहिले, कारण वर येऊन काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं दादांनी टेबलाच्या काठाला धरून खाली डोकावलं. धाकट्याचे डोळे त्यांना दिसले.

“अरे, रडतोस काय त्यासाठी. एवढासा तर बिल्ला. हरवला तर हरवला.” त्यांनी डावा हात पुढं केला, उठवायला. “उद्या दुकान उघडलं की नवा कापून देतो.”

यादीवाल्यांनी तो हात धरला. हो दादा, असं ते म्हणाले, आणि दादांच्या आधारानं उभे राहिले.